माजघरातून : भर दुपारी पाखरांच्या गावाला

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. रविवार होता. उन्हाळ कांद्याची लागण उरकलेली आणि मोटारीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची, त्यामुळे दुपारी पाणी भरायचं काम नव्हतं. असा मोकळा दिवस शेतकऱ्याच्या घरी वर्षातून किती वेळा येतो, ते तुम्हा मंडळींना सांगायला नको. पण त्या दुपारी आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

कारण होतं पाखरांचं. मळ्याच्या वरच्या अंगाला आम्ही दरसाल अर्धा एकर शाळू करतो. घरच्या भाकरीपुरती ज्वारी आणि जनावरांना कडबा, एवढाच त्याचा हिशेब. यंदा कणसं चांगली बाहेर पडली, दाण्यात चीक भरला, आणि भोरड्या उतरल्या. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे, जात साळुंकीची. ही पाखरं एकटीदुकटी कधी येत नाहीत. आभाळात ढग सरकावा तशी येतात आणि एकदम रानावर बसतात. हाकलली तर उठून दुसऱ्या कडेला बसतात. चार दिवसांत बांधाकडच्या सहा ओळींत दाणा म्हणून राहिला नाही.

कुणीतरी आमच्या ह्यांना सल्ला दिला, "दाण्याला औषध चोळा आणि बांधावर टाका. दोन दिवसांत थवा साफ होतो." शनिवारी हे बाजाराहून आले ते बाटली घेऊनच. गोठ्यातल्या उंच फळीवर ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "रानाचं मी बघतो. तू चुलीचं बघ."

मी गप्प बसले. पण रविवारी जेवताना धाकटीनं विषय काढलाच. ती नववीत आहे, आणि शाळेत चार अक्षरं शिकलेली पोर घरात गप्प बसत नाही.

"बाबा, ते विष टाकू नका. पाप तर आहेच, शिवाय गुन्हा आहे."

"गुन्हा?" हे उसळले. "माझ्या रानात मी पेरलं, मी निंदलं, रात्रीचं उठून पाणी मी भरलं. पाखरं फुकट खाऊन जातात, तो गुन्हा नाही होय? मग ज्वारी विकत आण आणि घाल सगळ्यांना भाकरी!"

ताट अर्धं टाकून हे उठले. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उष्टी काढायला लागले.

ओसरीवर नाना, म्हणजे माझे सासरे, हात धुवत होते. वय ७८. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्यांनी गाव सोडून कुठं जाणं नाही, की कुठल्या गोष्टीत मन घालणं नाही. दिवसभर ओट्यावर बसायचं, सुपारी कातरायची आणि रस्त्याकडं बघायचं. तेच नाना उपरण्याला हात पुसत म्हणाले,

"गाडी काढ."

"कुठं जायचंय?" ह्यांनी विचारलं.

"नांदूर-मध्यमेश्वरला. पाखरं बघायला."

आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. हे म्हणाले, "नाना, दोन वाजून गेलेत. पुढच्या रविवारी सकाळी जाऊ की."

"पुढचा रविवार मला आहे का नाही, ते देवाला ठाऊक. आत्ता चल."

नानांचा शब्द आमच्या घरात अजून कुणी मोडत नाही. मी घाईनं थर्मासात चहा ओतला, सकाळच्या चार भाकरी, ठेचा आणि संक्रांतीच्या तिळगुळाचा उरलेला डबा पिशवीत टाकला. हे आणि नाना पुढं बसले. मी आणि धाकटी मागं, कांद्याच्या रिकाम्या बारदानावर.

आमच्यापासून वाट तासाभराची. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे बाग, घडांना कागद बांधायची लगबग, उसाच्या ट्रॉल्या आणि मधेच मोहरीची पिवळी कडा घातलेला गहू. धाकटीचा राग वाऱ्यावर कधीच उडून गेला होता. पुढं मात्र बापलेकांत एक शब्द नव्हता. मागच्या काचेतून दोघांच्या टोप्या तेवढ्या दिसत होत्या.

मंडळी, नांदूर-मध्यमेश्वरचं नाव तुमच्यातल्या पुष्कळांनी कालव्यासाठी ऐकलं असेल. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात, तिथं इंग्रजी अमलात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा घातला. मध्यमेश्वराचं जुनं देऊळ तिथं आहे, त्यावरून हे नाव. ह्याच बंधाऱ्यावरून गोदावरीचा डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले आणि कोपरगाव-राहात्याकडची कोरडी रानं उसाखाली आली. पुढं वैजापूर-गंगापूरसाठी जलद कालवाही इथूनच काढला. म्हणजे जागा मुळात पाखरांसाठी नव्हे, शेतकऱ्यासाठीच बांधलेली.

पण दोन नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला. पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. गाळात किडे, गोगलगायी, शंख-शिंपले, पाण्यात मासळी, कडेला शेतं. पाखरांना ह्याहून काय पाहिजे? थंडीत लांबलांबच्या मुलखातून हजारोंनी पाहुणे उतरू लागले. १९८६ साली सरकारनं ह्या भागाला अभयारण्य ठरवलं. थोर पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली ह्यांनी ह्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं सांगतात. इराणमधल्या रामसर गावी १९७१ साली पाणथळ जागा राखण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. त्या यादीत जाणारी महाराष्ट्रातली पहिली जागा हीच, २०१९ सालची. अडीचशेच्या वर जातींच्या पाखरांची इथं नोंद आहे.

गाळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाळानं पाणी साठायची जागा घटते आणि पुराचं पाणी मागं चढतं, ही वरच्या अंगाच्या गावांची जुनी तक्रार आहे. २०१९ च्या ऑगस्टात चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरलं होतं, ते कोण विसरेल? एकाच गाळावर पाखरू जगतं आणि त्याच गाळापायी माणसाचं घर भिजतं. सोपं काहीच नाही.

आम्ही चापडगावच्या बाजूला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. तिकीट काढलं. दाखवायला गावातलाच एक मुलगा बरोबर आला. गळ्यात दुर्बीण, पायांत साधी चप्पल. त्यानं आधीच बजावलं, "मोठ्यानं बोलू नका, काही फेकू नका, आणि पाण्याकडं पळू नका." धाकटीनं मान डोलावली. हे खिशात हात घालून मागून चालले होते, देवदर्शनाला ओढून आणलेल्या माणसासारखे.

पाण्याची पहिली झलक दिसली आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं. पाणी कुठं आणि पाखरं कुठं, तेच कळेना. मुलानं दुर्बीण हातात दिली आणि एकेक दाखवू लागला.

काळ्या अंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली पाखरं पाण्यावर झुंडीनं चालली होती. त्यांचं नाव वारकरी. दिंडीच ती! पुढं रुंद चोचीची थापट्या बदकं पाणी चाळत होती, आपण सुपानं पाखडतो तशी. चोचीच्या कडेला बारीक जाळी असते, पाणी निघून जातं आणि खाद्य अडकून राहतं. पांढरेशुभ्र चमचे एका रांगेत उभे होते. चोच खरंच चमच्यासारखी, आणि ती पाण्यात अर्धवट बुडवून डावी-उजवीकडं फिरवत चाललेले. लांब लाल पायांचा शेकाट्या काठ्यांवर चालावं तसा चालला होता. जांभळी पाणकोंबडी कोवळा कोंब पायाच्या बोटांत धरून खात होती, माणसानं हातात कणीस धरावं तसा. नारिंगी रंगाची चक्रवाकाची जोडी बेटावर ऊन खात होती.

"हे लडाख-तिबेटाकडून येतात," मुलगा म्हणाला. "बाकीची बदकं आणखी वर, सैबेरियाकडून. तिकडं सगळं गोठतं, खायला काही उरत नाही, म्हणून हिमालय ओलांडून इकडं. मार्च लागला की परत."

"इतक्या लांबून?" मी विचारलं. "वाट कशी सापडते?"

"सूर्य, चांदण्या, डोंगर-नद्या... सगळ्यावरनं. गेल्या साली आलेलं पाखरू पुन्हा त्याच पाण्यावर येतं."

मग त्यानं एक तपकिरी बदक दाखवलं. काळी चोच, टोकाला पिवळा रंग आणि बुडाशी दोन लाल ठिपके. "ह्याचं नाव काय असेल, काकू?"

"मला काय ठाऊक बाबा."

"हळदीकुंकू!"

बायांनो, मला इतकं हसू आलं म्हणून सांगू! संक्रांतीचे दिवस, गावात घरोघर हळदीकुंकू चाललेलं, आणि इथं पाण्यात हे पाखरू चोचीलाच हळदीकुंकू लावून बसलेलं. ज्या कुणी हे नाव ठेवलं, ती बाईच असणार. हे बदक परदेशातून येत नाही, बारा महिने आपल्याकडंच राहतं. म्हणजे सासुरवाशीण नव्हे, माहेरवाशीणच.

धाकटी त्या मुलाबरोबर मनोऱ्यावर चढली. नानांना जिना चढवेना. खाली सावलीत बसायला जागा होती, तिथं आम्ही तिघं टेकलो. मी चहा ओतला. नाना पाण्याकडं बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ह्यांच्याकडं न बघताच म्हणाले,

"फळीवरची बाटली मी काल संध्याकाळीच पाहिली."

हे गप्प.

"तशी एक बाटली मीपण आणली होती. बहात्तर साली."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. ह्या घरात येऊन मला पंचवीस वर्षं झाली, पण नानांच्या तोंडून बहात्तरच्या दुष्काळाचं कधी फारसं ऐकलं नव्हतं. खडी फोडायला गेलो, सुकडी खाल्ली, एवढंच सांगायचे.

"सगळा शिवार उघडा पडला होता," नाना सांगू लागले. "आपल्या विहिरीला तेवढं तळाला पुरुषभर पाणी होतं. त्या पाण्यावर मी दहा गुंठे शाळू धरला होता. पंचक्रोशीत हिरवं म्हणून तेवढंच. मग पाखरं दुसरीकडं जातील कुठं? भोरड्या, पोपट, चिमण्या, सगळी आपल्याच रानात. गोफण मारून मारून खांदा गेला. शेवटी एंड्रिन आणलं. तेव्हा ते कुठंही मिळायचं. बाजरीच्या दाण्याला चोळलं आणि टाकलं बांधानं."

"मग?" ह्यांनी हळूच विचारलं.

"मग काय. खाल्लं त्यांनी. पण विष पोटात गेलं की तहान लागते. आणि पाणी होतं कुठं? विहिरीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी आई पाणी शेंदायला गेली आणि ओरडत परत आली. मी जाऊन पाहिलं. विहिरीचं पाणी दिसत नव्हतं. नुसती पिसं."

कुणीच काही बोललं नाही. पाण्यावरून टिटवी ओरडत गेली.

"ते पाणी प्यायचं कसं? जनावरांना पाजायचं कसं? मोट जोडली आणि सगळं पाणी उपसून माळावर सोडलं. त्या साली! ज्या पाण्याच्या एका घागरीसाठी लोक भांडत होते, ते मी माझ्या हातानं माळावर सोडलं. झरे भरायला आठ-दहा दिवस लागले. तोवर शाळू जागेवर वाळून गेला. पाखरांनी खाऊन चार पायल्या तरी उरल्या असत्या. विषानं एक दाणा ठेवला नाही."

नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"तेवढे दिवस तुझी आई दोन मैलांवरनं पाणी आणत होती. तुझ्या वेळचा सातवा महिना तिला. एक दिवस वाटेत चक्कर येऊन पडली. लोकांनी उचलून आणली. देवाची कृपा, तीही वाचली आणि तूही. पण आयुष्यभर तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही, की हे का केलंत. बोलली असती तर बरं झालं असतं."

ह्यांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण ते उठले, नानांच्या हातातला रिकामा कप घेतला, विसळला आणि पुन्हा चहा ओतून दिला. आमच्याकडं बापलेक एवढंच बोलतात.

धाकटी मनोऱ्यावरून धावत खाली आली. "बाबा, चला ना वर! तिकडं रंगीत करकोचे आहेत!" आणि हे गेले की हो तिच्याबरोबर. जे दुपारी ताट टाकून उठले होते, ते अर्धा तास वर होते. खाली आले ते त्या मुलाशी बोलतच.

"तुमच्याकडं भोरड्या येतात का रे?"

"येतात की काका. आमच्यापण ज्वारीवर बसतात."

"मग काय करता?"

मुलगा हसला. "राखण करतो. पहाटे उजाडल्यापासून दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, तेव्हाच त्यांचा जोर जास्त. चमकणारी फीत बांधतो, पण दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलतो, नाहीतर ती सरावतात. आणि काका, त्याही लांबून येतात बरं का. मध्य आशियातनं. तिकडं त्या टोळ-नाकतोडे खातात, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला त्या सोयीच्या. आपल्याकडं आल्यावरही नुसते दाणे खात नाहीत, किडेही वेचतात. खाताना किडे दिसत नाहीत, दाणे तेवढे दिसतात."

ह्यांनी "हूं" केलं. आमच्याकडं "हूं" म्हणजे निम्मं कबूल.

सूर्य कलला तसा पाण्याचा रंग पालटला. बगळे रांगेनं रात्रीच्या झाडांकडं परतू लागले आणि काही बदकं उठून शेतांच्या दिशेनं गेली. रात्रीची ती शेतात चरतात, असं मुलगा म्हणाला. दुरून एक मोठा थवा आला, वळला, पसरला, पुन्हा गोळा झाला. भोरड्याच होत्या. रानात बसल्या म्हणजे ज्यांचा जीव घ्यावासा वाटतो, त्यांच्याकडंच आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो. नाना म्हणाले, "कडूसं पडलं. चला, धारा काढायच्यात."

परतताना नाना मागं माझ्याजवळ बसायचं म्हणत होते. वाऱ्याचं नको म्हणून आम्ही बसू दिलं नाही. पुढं बापलेकांचं बोलणं चालू होतं. काय, ते मला ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी फळीवरची बाटली दिसली नाही. झाकण उघडलेलं नव्हतं, म्हणून दुकानदारानं कुरकुर करत का होईना परत घेतली. त्या पैशांत चमकणारी फीत आली. आणि नाना? दोन वर्षं ओट्यावरून न हललेले आमचे नाना दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रानात हजर. ह्यांनी चार लाकडं रोवून बुटका माळा करून दिला, नानांनी स्वतः सुतळीची गोफण विणली. खांदा आता चालत नाही, दगड दहा हातांवर पडतो, पण गोफणीचा फटका मात्र अजून वाजतो. संध्याकाळची पाळी धाकटीची, रिकामा डबा बडवायची.

शेजारच्या हरभऱ्यात आम्ही पक्षीथांबेही लावले. घाटेअळीसाठी हेक्टरी ५० थांबे लावावेत अशी शिफारस आहे. पिकाच्या थोडी वर येईल अशी काठी, तिला आडवी काडी, बस्स. कोतवाल, साळुंकी त्यावर बसतात आणि अळ्या टिपतात. पैसा लागत नाही. मात्र ज्वारीच्या कणसात दाणा भरत असला, तर तिथं थांबे लावू नका. आपणच पाखरांना पाट मांडून दिल्यासारखं होईल.

खरं ते सांगते. ज्वारी दरसालपेक्षा पोतंभर कमीच आली. राखण करूनही भोरड्यांनी आपला वाटा नेलाच. खळ्यावर हे माप घेताना पुटपुटले, तेव्हा नाना म्हणाले, "पोतंभर गेलं. विहीर तर गेली नाही." त्यावर हे काही बोलले नाहीत.

धाकटी म्हणत होती तेही नंतर वाचून पाहिलं. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा आहे, आणि रानपाखरांना विष घालणं गुन्हाच आहे. एंड्रिनवर पुढं बंदी आली. पण दुसरी औषधं प्रत्येक घरात, प्रत्येक फळीवर आहेत. फळी उंच असली म्हणून काय झालं? त्या बाटलीवर कुणाचा हात कधी जाईल, हे सांगता येत नाही. म्हणून ती कुलपात ठेवा. आणि दाण्याला चोळायचा विचार कुणाच्या मनात आलाच, तर आमच्या नानांची विहीर त्याला सांगा.

नांदूर-मध्यमेश्वरला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. सकाळी लवकर किंवा दुपारी तीननंतर जावं. भडक कपडे नकोत, गाणी-बाजा नको. भाकरी बांधून न्यावी, कागद-पिशव्या परत आणाव्यात. घरातलं म्हातारं माणूस बरोबर न्यावं. त्याला जिना चढवला नाही तर खाली सावलीत त्याच्याजवळ बसावं, घाई करू नये.

तुमच्याकडं भोरड्यांची राखण कशी करता? जुनी एखादी युक्ती ठाऊक असेल तर जरूर लिहून कळवा. नाना वाट बघतायत.